दारू, नाच आणि आपण

मंडळी, गेल्या महिन्यात पुतण्याच्या मुलीच्या लग्नाला जाऊन आलो. संगीताचा कार्यक्रम तारांकित हॉटेलात होता. बाहेरून आणलेल्या चार नर्तकी आणि समोर ग्लास घेऊन बसलेली आपलीच माणसं. कुणाला काही गैर वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला डान्स बारचा विषय निघाला, तेव्हा हीच माणसं म्हणाली, "छे! दारू आणि नाच एकत्र नकोच. बंदीच बरी होती." पोहे घशात अडकले. मंगलकार्यात वाद नको म्हणून गप्प बसलो, ते इथे लिहितो. (दादा रागावतील. रागावू देत.)

२००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद झाला. तीन तारे व त्यावरची हॉटेलं आणि सभासदांचे क्लब मात्र वगळले. म्हणजे दारू तीच, नाचही तोच; फक्त बिल मोठं असलं की संस्कृतीला धोका नाही! मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला.

सरकार काही थांबलं नाही. २०१६ च्या कायद्यात अट घातली, की नाच चालू असेल त्या खोलीत दारू द्यायची नाही. कारण? पिणारा नाचणारीशी गैर वागेल. अहो, मग ग्लास टेबलावर आणून ठेवणाऱ्या वेट्रेसचं काय? ती तर त्याच्या हाताच्या अंतरावर उभी असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये नेमकं हेच विचारलं आणि ती अट रद्द केली. पैसे उधळण्यावरची बंदी मात्र ठेवली, ते योग्यच झालं. पुढे ऑर्केस्ट्रा बारमध्ये चारच बाया आणि चारच पुरुष हा नियमही २०२२ मध्ये गेला.

या धंद्यात फसवून आणलेल्या मुली होत्या, पिळवणूक होती, हे मला मान्य आहे. पण वर्गात दंगा करणाऱ्याला सोडून फळ्यासमोर उभ्या असलेल्याला छडी मारली, तर त्याला शिस्त म्हणत नाहीत. पिऊन हात टाकणाऱ्याला पकडा ना! नाचणारीची चूल का विझवता?

चूल म्हणालो ते उगाच नाही. तेव्हा मी पनवेल भागातल्या एका शाळेत होतो. २००५ च्या दिवाळीनंतर आठवीतली एक मुलगी आईबरोबर दाखला न्यायला आली. गणितात फार हुशार पोर. आई बारमध्ये नाचते, हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शाळा सोडण्याचं कारण काय लिहू, असं मी विचारलं. आई म्हणाली, "सर, काय पण लिहा."

मी 'पालकांचे स्थलांतर' असं लिहिलं आणि सही केली.