विलापाचीही नोंद घ्या

भिवंडी तालुक्यातल्या राहनाळजवळच्या वळपाड्यात २९ एप्रिल २०२३ रोजी खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली इमारत कोसळली आणि आठ जणांचा जीव गेला. अशा दुर्घटनेची सरकारी नोंद ठरलेली असते: मृतांचा आकडा, पंचनामा, गुन्हा, मदतीची रक्कम. गेलेला माणूस कोण होता आणि त्याच्या मागे कोण उघड्यावर पडले, हे त्या कागदांत नसते. ते असते हेल काढून रडणाऱ्या बाईच्या तोंडी, आणि तिलाच आपण ‘आवर आता स्वतःला’ म्हणून गप्प बसवतो. विलाप हा नुसता भावनेचा उमाळा नाही. ती साक्ष देण्याची जुनी, घोटलेली रीत आहे, आणि तिला सार्वजनिक जीवनात जागा मिळायला हवी.

आपल्याकडच्या गावांतले हे रडणे कान देऊन ऐकले तर त्याची बांधणी कळते. ‘बाय गो’, ‘दादा रे’ अशी नात्याची हाक आधी लांबवली जाते. मग गेलेल्याने काय काय केले ते एकेक सांगितले जाते: कुणाचे लग्न लावून दिले, कुणाच्या अडीनडीला धावला. शेवटी सवाल येतात: आता माहेरी कुणाच्या भरवशावर यायचे? औषधपाणी वेळेत का झाले नाही? हाक, हिशेब आणि जाब असा हा क्रम आहे. यातल्या जाबाची धास्ती सत्तेला फार पूर्वीपासून वाटत आली आहे. अथेन्समध्ये सोलोनने कायदा करून बायकांच्या जाहीर आक्रोशाला लगाम घातला. आयर्लंडमध्ये १७७३ साली आर्ट ओलिअरी मारला गेला. त्याच्या बायकोच्या नावाने चालत आलेला विलाप नवऱ्याची थोरवी गातो आणि त्याच्या जिवावर उठलेल्या मॉरिसचे नाव घेऊन त्याला शाप देतो. रडणाऱ्या बायकांनी तो पुढे तोंडी जपला. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीतही मुंबईत आलेल्या मजुराचा विरह बघता बघता बेळगाव-कारवारच्या ताटातुटीपर्यंत पोहोचतो आणि घरच्या दुःखाची राजकीय मागणी होते.

यावर पहिला आक्षेप आपल्या परंपरेच्याच नावाने घेतला जातो: आत्मा अमर आहे, मग शोक कशाला? पण ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगावरच्या नामदेवांच्या अभंगांत गुरुपदी बसलेले निवृत्तिनाथही शोकाने कोलमडतात. वारकऱ्यांनी ते अभंग अज्ञान म्हणून बाजूला टाकले नाहीत, श्रद्धेने जपले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: राजस्थानातल्या रुदालींसारख्या बायका पैसे घेऊन रडतात, मग त्या शोकात खरे ते काय? पण वकील फी घेतो म्हणून अशिलाची बाजू खोटी ठरत नाही. तिथे अन्याय आहे तो ठाकुरांसाठी खालच्या म्हटलेल्या जातींतल्या बायकांना रडावे लागते याचा. तो दोष सत्तेचा आहे, विलापाचा नाही. तिसरा आक्षेप असा, की शोकात अतिशयोक्ती असते आणि ती पुरावा म्हणून टिकत नाही. मान्य आहे. विलापाने पंचनाम्याची जागा घ्यावी असे कुणी म्हणतही नाही. मात्र चौकशी कुठल्या प्रश्नापासून सुरू करायची, हे विलाप अचूक दाखवतो.

राहनाळच्या परिसरात हा मुद्दा आणखी निकडीचा होतो. इथल्या जुन्या आगरी वस्तीला आता गोदामांनी वेढले आहे, आणि भिवंडीच्या गोदामांत व यंत्रमागांवर राबणाऱ्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या भोजपुरीत बिरहा या विरहगीतांची परंपरा आहे. परदेशी गेलेल्या नवऱ्यासाठी झुरणाऱ्या बाईचे दुःख भिखारी ठाकूर यांनी ‘बिदेसिया’मधून रंगमंचावर आणले. इथे मजूर दगावला तर त्याच्यासाठी रडणारी माणसे हजार मैलांवर असतात आणि गावाच्या कानावर काहीच पडत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, म्हणून बायकांचे म्हणणे अभ्यासाचा विषय झाले. तसेच काम ग्रामपंचायत, वाचनालय आणि महाविद्यालयाने मिळून इथल्या शोकगीतांसाठी, आगरी आणि भोजपुरी दोन्ही, हाती घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दुर्घटनेच्या चौकशीत मृतांच्या घरच्यांचे म्हणणे त्यांच्या भाषेत, त्यांच्या शब्दांत नोंदवणे बंधनकारक करावे. भरपाईचा धनादेश दिला म्हणजे त्यांच्या प्रश्नांना उत्तर दिले असे होत नाही.