नमुन्याचा धनी कोण?

शिल्पकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगमरवरातून पद्मासनस्थ प्रतिमा घडविणारा कारागीर उभा राहतो. परंतु शिल्पकलेवर चालणारा आणखी एक व्यवसाय आज जगात चांगला रुजला आहे आणि आपल्या घरांतील चित्रकलेत रमणारी मुले त्याविषयी विचारू लागली आहेत. तो म्हणजे संग्राहकांसाठी छोट्या आकृती घडविण्याचा. प्राणी, कथांतील पात्रे, चित्रपटांतील नायक. कुणी बोटभर उंचीचा, कुणी वीतभर. आणि बहुधा काचेच्या कपाटात मांडून ठेवण्यासाठी घेतलेला. जपानमध्ये अशा शिल्पकाराला ‘गेन्केइशी’, म्हणजे मूळ नमुना घडविणारा, म्हणतात.

या व्यवसायाची तेथील एक कथा व्यापारी कुटुंबांनी ऐकावी अशी आहे. 1964 साली ओसाका प्रांतातील मोरिगुची येथे ओसामू मियावाकी यांनी ‘काइयोदो’ नावाचे मॉडेलचे दुकान थाटले. जागा दीड त्सुबो, म्हणजे आपल्या हिशेबाने पन्नास चौरस फुटांच्या आसपास. पुढे चिरंजीव शुइची यांनी पेढी सांभाळली. दुसऱ्यांचा माल विकता विकता दुकानाभोवती कसबी हौशी मंडळींचा गोतावळा जमला आणि दुकान स्वतःचे नमुने काढू लागले. 1999 मध्ये फुरुता या मिठाई कंपनीच्या ‘चोको एग’मध्ये काइयोदोने केलेले चिमुकले प्राणी आले. (अंडे येथे केवळ आकारापुरते, हे सांगितलेले बरे.) शिनोबू मात्सुमुरा या शिल्पकाराच्या हातचे ते प्राणी इतके हुबेहूब होते की मुलांसाठीची ती वस्तू मोठी माणसे स्वतःसाठी घेऊ लागली.

आत कोणता प्राणी आहे, हे चॉकलेट फोडल्याखेरीज कळत नसे; संच पुरा व्हावा म्हणून खरेदी पुन्हा पुन्हा होई. विक्रीची ही युक्ती प्रस्तुत लेखकाला रुचत नाही. सप्तव्यसनांत द्यूताचा उल्लेख प्रथम येतो आणि त्याची सावली येथे पडलेली दिसते. संग्रह आणि परिग्रह यांचा विचार तर ज्याने त्याने आपल्या कपाटापुढे उभे राहून करावा. शिल्पकाराच्या श्रमांचे मोल मात्र त्यामुळे उणे होत नाही.

ते श्रम कसे असतात? पूर्वी पुटी किंवा भट्टीत पक्की होणारी कृत्रिम माती घेऊन, दंतवैद्याच्या असतात तशा बारीक हत्यारांनी आकृती कोरीत. आता पुष्कळसे काम संगणकावर होते आणि त्रिमितीय छपाईयंत्र नमुना काढून देते. तरीही साच्याचे भान शिल्पकाराला ठेवावेच लागते. आकृतीचे तुकडे कोठे पाडायचे, कोणती खाच साच्यात अडकेल, ओतलेला माल थंड झाल्यावर किती आक्रसेल, हे आधीच योजावे लागते. सिलिकोनच्या साच्यातून रेझिनचे काही डझन नग निघतात. पोलादी साच्यातून हजारो, पण तो साचा करण्याचा खर्चही तसाच भारी. पात्र दुसऱ्याचे असेल तर मूळ हक्कदाराची संमती लागते, आणि नाकाची एक रेषा पसंत पडली नाही म्हणून नमुना परत येतो.

अर्थप्राप्तीच्या वाटा मुख्यतः दोन: नमुन्याची ठोक रक्कम, किंवा विकल्या जाणाऱ्या नगांमागे हिस्सा. पहिल्या वाटेत पैसा लवकर हाती येतो आणि तेथेच संबंध संपतो. पुढे लाख नग खपले तरी शिल्पकाराला काही नाही. दुसऱ्या वाटेत मुद्दल शाबूत राहून व्याज येत राहते, पण विक्रीची चोपडी दुसऱ्याच्या हाती असते.

कायदा आपल्या पाठीशी आहे, असे समजून स्वस्थ बसता येत नाही. काइयोदोच्याच आकृतींविषयीच्या वादात 2005 साली ओसाका उच्च न्यायालयाने प्राण्यांच्या आणि ‘ॲलिस’च्या आकृतींना लेखाधिकाराचे संरक्षण नाकारले. जुन्या सपाट चित्रांवरून घडविलेल्या भुताखेतांच्या आकृतींना मात्र ते दिले, कारण तेथे शिल्पकाराने स्वतःच्या कल्पनेची भर घातली होती. हरिणाला हरिणासारखे घडविण्यात आयुष्य वेचणाऱ्याला हा न्याय कठोर वाटल्यास नवल नाही.

त्यातच नकलेचा उपद्रव. कुणी एक अस्सल आकृती विकत घेतो, तिच्यावरूनच साचा काढतो आणि निम्म्याहून कमी किमतीत प्रती विकतो. येथे आपल्या परंपरेला नवे काही शिकावे लागत नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे आहे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ही आहे; अस्सलाच्या जागी नकली देणे, हाच त्याचा अर्थ. न्यायालयाने हरिणाला संरक्षण दिले नाही, म्हणून त्याची नक्कल आपल्या दुकानात ठेवणाऱ्या श्रावकाचे व्रत निर्दोष राहते, असे मला वाटत नाही.

माती कशी मळावी हे बहुतेक पालक मुलांना शिकवू शकणार नाहीत. कराराचा मसुदा मात्र आपल्याइतका बारकाईने कोण वाचेल? हिस्सा बनलेल्या नगांवर आहे की विकलेल्या, हे पहिल्यांदा पाहावे, कारण सारा हिशेब त्यावर फिरतो. हिशेब तपासण्याचा हक्क लिहून घ्यावा. मूळ नमुना आणि त्याची संगणकीय फाईल कोणाकडे राहणार, आकार बदलून पुन्हा माल काढल्यास काय, हेही त्यात यावे. आणि खोक्यावर शिल्पकाराचे नाव छापले जाईल, ही ओळ समोरचा पक्ष सहसा आपण होऊन घालत नाही. ती मागून घ्यावी.