प्रदेशाचे नाणे आणि भिवापूरची मिरची

आजचा धागा लिथुआनियात सुरू होऊन भिवापूरला पोहोचणार आहे. वाचकांनी तेवढा धीर धरावा.

बाल्टिक समुद्राकाठच्या या देशाची लोकसंख्या आपल्या एका नागपूर जिल्ह्याहूनही कमी. २०१५ साली त्याने युरो हे चलन स्वीकारले आणि २०१९ ते २०२२ या काळात दरवर्षी एक याप्रमाणे आपल्या पारंपरिक प्रदेशांची दोन युरोची स्मरणनाणी काढली. पहिला मान झेमाइतियाचा. त्या नाण्यावर प्रदेशाच्या मानचिन्हातले अस्वल आहे. हे नाणे केवळ संग्राहकांसाठी नाही. ते युरो चालणाऱ्या प्रत्येक देशात वैध आहे. लिस्बनमधल्या एखाद्या कॉफीवाल्याच्या गल्ल्यातही ते अस्वल जाऊन बसू शकते.

आपल्याकडे स्मरणनाण्यांची परंपरा १९६४ साली पंडित नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाली. पुढे थोर पुरुष आले, संत आले, संस्था आल्या. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे आणि ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे निघाले. प्रदेश हा विषय मात्र आपल्या टांकसाळींना फारसा सुचलेला नाही.

याची मुळे जुनी आहेत. नागपूरकर भोसल्यांचे राज्य एके काळी ओडिशापर्यंत पसरले होते, पण त्यांचा रुपया मोगल बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत निघत असे. कटकच्या टांकसाळीत तर अहमदशहा बहादूरचे नाव चालू राहिले. तो १७५४ मध्ये पदच्युत झाला, त्याचे डोळे काढले गेले, तरी नाण्यावरून त्याला कोणी उतरवले नाही! कारण व्यवहारी होते. सराफाला ओळखीचा छाप हवा असतो. नवे नाव म्हणजे नवी शंका आणि शंका म्हणजे बट्टा. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, राज्य खालसा झाले आणि पुढे नागपुरी रुपयाची जागा कंपनीच्या रुपयाने घेतली. प्रदेशाचे स्वतःचे चलन होते, पण त्यावर प्रदेशाची खूण म्हणावी असे फारसे काही नव्हते.

याउलट शिवराई पाहा. तांब्याचे साधे नाणे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, तेही देवनागरीत. सोन्याचा शिवकालीन होन आज दुर्मीळ आहे, शिवराई मात्र इंग्रजी अमलातही बाजारात फिरत राहिली. लोकांच्या स्मरणात ती टिकली याचे कारण भाजीवालीच्या ओच्यात ती होती, हेच असावे असे मला वाटते.

म्हणूनच आजच्या प्रथेबद्दल माझी तक्रार आहे. २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या १२५व्या जयंतीवर्षानिमित्त दोन नाणी निघाली: दहा रुपयांचे आणि सव्वाशे रुपयांचे. दहाचे चलनात फिरले. सव्वाशेचे संग्राहकांच्या डबीत गेले. त्यानंतर अशी डबीतली नाणी वाढतच गेली. कायदा हजार रुपयांपर्यंतचे नाणे पाडू देतो, पण जे नाणे घेऊन वाण्याकडे जाता येत नाही त्याला मी पदक म्हणेन. आणि दहाच्या नाण्याचे तरी काय झाले? त्याचे छाप निरनिराळे, म्हणून ‘हे खोटे, ते खोटे’ अशी अफवा पसरली आणि दुकानदार ते नाकारू लागले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की चौदाही प्रकार वैध आहेत. अहमदशहाच्या काळातला सराफ अजून आपल्यात जिवंत आहे तर!

आता भिवापूर. इथल्या लालभडक, तिखट मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. प्रमाणपत्र आले, पण शेतात संकरित वाण पुढे गेले आणि देशी वाण मागे पडले. सातऱ्यावर बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांना मजुरी वजनावर मिळते, हात आणि डोळे दिवसभर जळतात. प्रदेशाचा वारसा म्हणायचा तर तो या कामातही आहे, आणि त्याचा हिशेब सुट्ट्या पैशांतच होतो.

मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. मग ती आमचा वारसा कशी, असे कोणी विचारील. अस्वल तरी एकट्या झेमाइतियाचे कुठे आहे? चार शतके जे पेरले, वाळवले आणि खाल्ले ते आपलेच.

नाण्याने मिरचीचा भाव वाढणार नाही, देशी बियाणेही परत येणार नाही. त्यासाठी खरेदीची आणि बियाण्याची वेगळी व्यवस्था लागेल. तरीही विदर्भाचे नाणे कधी निघालेच, तर त्यावर भिवापूरची मिरची असावी आणि ते दहा रुपयांचे असावे. सव्वाशेचे नको.