फुटलेला आवाज आणि काळी एकची पट्टी

दिवाळी सरली की अनेक घरांतून सायंकाळी तंबोऱ्याचा सूर ऐकू येऊ लागतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे हे दिवस. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९३१ साली ते निवर्तल्यावर त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभारले. माध्यमिक शाळेतील मुले बहुधा त्याच्या प्रवेशिका किंवा मध्यमा या टप्प्यांवर असतात. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचा उत्साह दुणावला आहे. त्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. पण तो विषय निराळा.

आई-वडील कामावरून परतेपर्यंत या मुलांचा रियाझ ऐकायला घरी कोण असते? आपणच. म्हणूनच या पंधरवड्यात आहार-व्यायाम बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे. आणि त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

माझा नातू नववीत आहे. यंदा मध्यमा प्रथमला बसतो आहे. लहानपणापासून तो काळी चारमध्ये गातो आणि त्याचा तार षड्ज अगदी सहज लागत असे. श्रावणाच्या सुमारास तो षड्ज चिरकू लागला. मधल्या सप्तकातही आवाज अकस्मात घोगरा होई. मी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, ज्येष्ठमध दिले, ‘मेहनत कमी पडते’ असे म्हणून तीच बंदिश त्याच पट्टीत पुनःपुन्हा गाऊन घेतली. एका सायंकाळी त्याचा घसा पार बसला. त्यावर मी ‘बेसूर झाला आहेस’ असे बोलून गेलो. पोराने पेटी झाकली आणि आठ दिवस ती उघडली नाही. ‘आबा, मला परीक्षा नको’ एवढेच तो म्हणे.

वास्तविक त्याचे काहीच बिघडले नव्हते. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. स्वरतंतू लांब व जाड होतात आणि बोलण्याचा आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. नव्या लांबीच्या तंतूंवर ताबा येईपर्यंत काही महिने तो मध्येच फुटतो. मुलींचाही आवाज या वयात थोडा खाली येतो, पण तो बदल सौम्य असल्याने सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यावर औषध नाही, कारण हा आजारच नाही. अपाय होतो तो ओढूनताणून जुन्या पट्टीत गाण्याने.

त्याच्या गुरुजींनी दोनच गोष्टी केल्या. पट्टी काळी चारवरून काळी एकवर आणली आणि तार सप्तकातील ताना तूर्त सोडायला सांगितल्या. परीक्षेत आपल्या गळ्याला मानवेल ती पट्टी घेता येते. परीक्षक सुराचा खरेपणा, लय आणि रागाचे रूप पाहतात, गळ्याची उंची नव्हे. सलग तासभर गाण्याऐवजी वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका ठरल्या. घसा दुखू लागला की थांबायचे. थांबणे म्हणजे गप्प राहणे, कुजबुजणे नव्हे; कुजबुजण्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. मात्र आवाज तीन-चार आठवडे सलग बसलेलाच राहिला, तर नातवाचा असो की आपला, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावा. तंबाखूची सवय असलेल्या ज्येष्ठांनी तर यात मुळीच चालढकल करू नये.

आता माझ्या ‘बेसूर’ या शेऱ्याची गोष्ट. गेल्या वर्षीपासून मी श्रवणयंत्र वापरतो. ही यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेली असतात. मोठा स्वर ती दाबतात, आणि काही यंत्रे तंबोऱ्याचा किंवा पेटीचा अखंड सूर ही आपलीच शिट्टी समजून तो पुसू पाहतात. मग कानाशी येणारा सूर थरथरतो, वाकडा होतो. म्हणजे त्या सायंकाळी मुलाचा आवाज फुटत होता आणि माझे कानही खोटे बोलत होते. दोष मात्र एकट्या मुलाच्या पदरी पडला! आपण यंत्र वापरत असाल तर तज्ज्ञांकडे संगीतासाठी निराळी जुळवणी मागून घ्या. बहुतेक नव्या यंत्रांत ती करता येते. मी ती करून घेतली आणि नातवाची क्षमाही मागितली. क्षमा मागणे अधिक अवघड गेले.

सुराची परीक्षा गुरुजींवर सोपवून मी आता तालाकडे वळलो आहे. हातावर ताल धरून बोल म्हणणे, तेच दुप्पट लयीत म्हणणे, हे परीक्षेत विचारतात. जेवणापूर्वी आम्ही दोघे समोरासमोर बसतो. त्रितालाच्या सोळा मात्रा, नवव्या मात्रेवर खाली. झपतालाच्या दहा, खाली सहाव्या मात्रेवर. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन असे विभाग सांभाळताना माझीच त्रेधा उडते आणि तो मनमुराद हसतो. संधिवाताने आखडलेल्या बोटांना टाळीचा हा खेळ मानवतो आहे, निदान मला तरी तसे वाटते.

लेखी परीक्षेची वही तपासण्याचे कामही माझ्याकडे आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील बिंदू तार सप्तक दाखवतो, तर पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तकाचा. मुले इथे हमखास गोंधळतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही असा बारीक बिंदू मला सहज दिसत नाही. म्हणून खांद्यामागून येणारा टेबलदिवा आणि हाती भिंग, असा थाट असतो.

उतारवयात आपलेही स्वरतंतू पातळ होतात. पुरुषांचा आवाज किंचित चढतो, स्त्रियांचा उतरतो. परवा आम्ही दोघांनी षड्ज लावून पाहिला. नातू खाली येतो आहे, मी वर चाललो आहे. काळी एकवर तूर्त दोघांचीही गाठ पडते.

प्रात्यक्षिक परीक्षा पुढच्या रविवारी आहे. कोमट पाण्याची बाटली आणि प्रवेशपत्र त्याच्या पिशवीत गेले आहे. मी बाहेरच्या बाकावर बसणार आहे, यंत्रात नवे सेल घालून.