रोबोटचं ठीक आहे, आधी तपासणीचं बोला!

गोंदियाकरांनो, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, "रोबोटने करायचं का?" आणि धानाच्या बांध्या विकायची बोलणी सुरू!

जरा थांबा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३०८ रुग्णांवर तुलना झाली. काहींचं ऑपरेशन रोबोटने, काहींचं नेहमीसारखं चिरा देऊन. निकाल २०१६ आणि २०१८ मध्ये छापून आले. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं, सुट्टी लवकर मिळाली. हा फायदा खराच. पण दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्हीकडे जवळपास सारखीच!

रोबोट स्वतः कापत नाही, सर्जनच चालवतो. म्हणून मशीनचं नाव नंतर विचारा, आधी विचारा, "डॉक्टरसाहेब, अशी ऑपरेशनं तुम्ही किती केली?"

आणि खरा प्रश्न त्याच्याही आधीचा. रात्री चारदा उठणाऱ्या म्हाताऱ्याला आपण म्हणतो, "वयच झालं." प्रत्येक वेळी कॅन्सर नसतो, मान्य. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

२०१६ पासून गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सालेकसा-देवरीच्या माणसाने पीएसएची रक्ततपासणी कुठे, कोणत्या वारी, किती पैशात करायची? प्रशासनाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बोर्ड लावून सांगावं. लोकप्रतिनिधींनो, यंत्राची फीत नंतर कापा!