उपग्रहाला आपलं शेत दिसतं का?

मैत्रिणींनो, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून ‘निसार’ हा उपग्रह उडाला. ‘इस्रो’ आणि अमेरिकेच्या ‘नासा’ने मिळून केलेला. आपल्याला काय त्याचं, असं म्हणून पान उलटू नका. जमीन-पाणी-पिकं न्याहाळणाऱ्या या यंत्रांचा संबंध आता थेट पीक विम्याच्या पैशाशी आलाय.

यातलं पहिलं मोठं यंत्र एका बाईने घडवलं, हे किती जणींना ठाऊक असेल? व्हर्जिनिया नॉरवुड तिचं नाव. २३ जुलै १९७२ ला अमेरिकेने पहिला ‘लँडसॅट’ सोडला, तेव्हा सगळी भिस्त टीव्हीसारख्या कॅमेऱ्यांवर होती. नॉरवुडबाईंचं, हलत्या आरशाने ओळीओळीने जमीन टिपणारं यंत्र आपलं जोडीला घेतलेलं. थोड्याच दिवसांत कॅमेरे बिघाडामुळे बंद करावे लागले आणि जोडीच्या यंत्रानेच मोहीम तारली! २०२३ मध्ये, ९६ व्या वर्षी त्या गेल्या.

युक्ती अशी, की निरोगी हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. पान सुकलं, रोगट झालं, की तो कमी होतो. आपण पानाला हात लावून ओळखतो, ते हे यंत्र शेकडो किलोमीटरवरून ओळखतं.

पण त्याची नजर किती बारीक? नॉरवुडबाईंच्या यंत्राचा एक ठिपका सुमारे ८० मीटर लांब-रुंद, म्हणजे दीड एकराहून मोठा. एकरभराचं शेत त्यात शेजाऱ्याच्या उसासकट गडप! आपल्या ‘रिसोर्ससॅट’च्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका साडेपाच गुंठ्यांचा, तर लिस-४ चा गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. इथवर आपण आलो. राहिले ढग. सोयाबीन, कापूस ऐन भरात असतात तेव्हाच आभाळ भरलेलं, आणि कॅमेऱ्याला ढगाआडचं दिसत नाही. रडारला दिसतं, रात्रीसुद्धा. ‘निसार’वर रडारच आहे. १२ दिवसांत दोनदा तो त्याच जमिनीवर नजर टाकू शकतो.

आता विम्याकडे येऊ. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भात आणि गव्हासाठी २०२३ पासून, सोयाबीनसाठी २०२४ पासून उत्पादनाच्या अंदाजात निदान ३० टक्के वजन उपग्रहावर आधारलेल्या हिशेबाला द्यायचं ठरलं. बाकीचं पीक कापणी प्रयोगाला. मला हे पाऊल चांगलंच वाटतं. उपग्रहाला कुणी चहा पाजून आकडा बदलून घेऊ शकत नाही. मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यंत्राला गुंठाभर जमीन वेगळी दिसत असली, तरी भरपाई ठरते ती अख्ख्या महसूल मंडळाच्या सरासरीवर. तुमचं शेत ओढ्याकाठी खरवडून गेलं आणि बाकी मंडळ बरं पिकलं, तर वरून दिसूनही त्या सरासरीत उपयोग नाही. मग निदान हा आकडा कसा निघाला, ते साध्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला नको का? माझ्या मते ती मागणी ग्रामसभेत बायांनीच लावून धरावी, कारण पेरणी-खुरपणीपासून वेचणीपर्यंत शेतात वाकतो आपणच.

आणि कुठल्याच उपग्रहाला न दिसणारी गोष्ट म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. विमा ज्याच्या नावाने उतरवला, पैसे त्याच्या खात्यात. नवऱ्याच्या संमतीने, त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय ‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेत केलेली आहे. चौकशी तलाठ्यांकडे करायची (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). ई-पीक पाहणीचा फोटोही मोबाइलवरून तुम्हाला काढता येतो. त्यासाठी घरातल्या बाप्याची वाट बघत बसू नका, मुदत निघून जाते.