गबिलेच्या बांधावर गेलेला माणूस

सोमालियाचं नाव टीव्हीवर आलं की माझा चुलतभाऊ आवाज बंद करतो. १९९३-९४ मध्ये तो भारतीय सैन्याच्या ब्रिगेडबरोबर बायदोआत होता. ‘ह्यांना तिथली एक विहीर तरी ठाऊक आहे का?’ एवढंच म्हणतो आणि अंगणात जाऊन बसतो.

आपली फौज डिसेंबर १९९४ मध्ये तिथून परतली. परतल्यावर बरीच वर्षं तो फारसं बोलला नाही. आपले सैनिक आणि आपले डॉक्टर तिथे मारले गेले होते, त्याबद्दल तर अजिबातच नाही. पण एक गोष्ट त्यानं मला पुन्हा पुन्हा सांगितली. गावचे म्हातारे बाभळीखाली बसायचे, पाण्यावरून किंवा उंटांवरून तंटा असायचा. एकेक म्हातारा अर्धा अर्धा तास बोलायचा आणि दुभाषा आमच्या साहेबाला एका वाक्यात सांगायचा, ‘तो नाही म्हणतोय.’ भाऊ मला विचारायचा, ‘दादा, अर्धा तास तो काय बोलत होता? मधलं सगळं कुठं गेलं?’

मी भूकरमापक. छत्तीस वर्षं जमिनी मोजल्या. साखळीनं सुरुवात केली, मग फलकयंत्र, मग ईटीएस मशीन, शेवटी रोव्हर. भावाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असायचं काही कारण नव्हतं. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि त्यापायी एक इंग्रज माणूस मला भेटला, पुस्तकातून. जॉन ड्रायस्डेल. आज सोमालियावर, सोमालीलँडवर, लाल समुद्रावर आपल्याकडे जी चर्चा चालते ती ऐकताना मला त्यांची आठवण येते, म्हणून हे लिहितो आहे.

ड्रायस्डेल जन्मले १९२५ मध्ये. सोमाली माणसांशी त्यांची पहिली गाठ सोमालियात पडली नाही, ती दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पडली. ब्रिटिश सैन्याच्या सोमाली पलटणीत ते कोवळे अधिकारी होते. भाषा तिथे कानावर पडली आणि पुढे ती त्यांना उत्तम येऊ लागली. नंतर सरकारी नोकरी, मोगादिशूतली वकिलातीची नोकरी. १९६० मध्ये ब्रिटिशांचा उत्तरेचा मुलूख आणि इटलीच्या ताब्यातला दक्षिणेचा मुलूख एक होऊन सोमाली प्रजासत्ताक झालं. ड्रायस्डेल ब्रिटिश सरकारची चाकरी सोडून त्या नव्या देशाच्या तीन पंतप्रधानांचे एकामागून एक सल्लागार राहिले. १९६४ मध्ये त्यांचं ‘द सोमाली डिस्प्यूट’ हे पुस्तक आलं. विषय सरहद्दींचा. सोमाली बोलणारा समाज पाच तुकड्यांत कसा कापला गेला, इथिओपिया आणि केनियाशी भांडण कशाचं, हा. पुढे बरीच वर्षं ते सिंगापूरला होते, त्या देशाच्या घडणीवरही त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. तो भाग मी सोडून देतो.

जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे पळाला, देश फुटला, दुष्काळ पडला. संयुक्त राष्ट्रांची मोहीम उभी राहिली आणि साठी ओलांडलेल्या ड्रायस्डेलना सल्लागार म्हणून मोगादिशूला बोलावलं गेलं.

१९९३ मधले ते महिने तारखेनं समजून घ्यायला हवेत. ५ जूनला पाकिस्तानी सैनिक शस्त्रांची कोठारं तपासायला गेले. त्यातलं एक कोठार रेडिओ केंद्राच्या आवारात होतं. मोगादिशूतल्या एका लढाऊ गटाचा म्होरक्या जनरल ऐदीद, त्याच्या माणसांना वाटलं, रेडिओच काढून घेताहेत. गोळीबार झाला, २४ पाकिस्तानी सैनिक गेले. ते अतिशय वाईट झालं, त्याची चौकशी आणि शिक्षा व्हायलाच हवी होती. पण झालं काय? ऐदीदच्या डोक्यावर २५ हजार डॉलरचं इनाम लावलं गेलं. १२ जुलैला त्याच्या हब्र गिदिर कुळातले जाणते लोक एका घरात बैठकीला जमले होते. अमेरिकन हेलिकॉप्टरांनी त्या घरावर क्षेपणास्त्रं डागली. रेडक्रॉसनं मृतांचा आकडा ५४ सांगितला. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे, कारण त्याच्यावर सिनेमा निघाला: ३ ऑक्टोबर, पडलेली हेलिकॉप्टरं, १८ अमेरिकन सैनिक.

सोमाली समाजात खुनाची भरपाई एकटा खुनी देत नाही. त्याची भाऊबंदकी मिळून देते. पुरुषासाठी शंभर उंट, हा जुना दर. घेणारेही एकटे नसतात. ह्या देण्याघेण्यावर, जुन्या करारांवर, म्हाताऱ्यांच्या बैठकांवर तिथली शांतता उभी असते. हे एवढं माहीत असलेला माणूस एका कुळातल्या माणसाच्या डोक्यावर बाहेरून पैसे लावेल का? ऐदीदशी ज्यांचं पटत नव्हतं, तेही त्या इनामामुळे त्याच्या पाठीशी गेले. आणि ज्या घरावर मारा झाला तिथे बसलेल्यांत बोलणी व्हावीत असं म्हणणारे लोकही होते.

ड्रायस्डेलनी १९९४ मध्ये ‘व्हॉटएव्हर हॅपन्ड टू सोमालिया’ लिहिलं. त्याच्या उपशीर्षकातच त्यांनी ह्या साऱ्याला दुःखद घोडचुकांची कहाणी म्हटलं आहे. ते पुस्तक मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचलं. भावाचं ‘मधलं सगळं’ मला तिथे सापडलं. बाभळीखालचा म्हातारा अर्धा तास बोलतो, तेव्हा तो आधीचे करार सांगत असतो. कोणाच्या आज्यानं कोणाला पाणी दिलं होतं, कोणती भरपाई फिटली, कोणती राहिली. तो ‘नाही’ म्हणत नसतो. ‘अमुक झालं तर हो’ म्हणत असतो.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पुस्तक झालं होतं, नाव झालं होतं. लंडनला बसून मुलाखती देत उरलेलं आयुष्य छान गेलं असतं. सोमालियाचे असे तज्ज्ञ नैरोबीच्या हॉटेलांत आणि पश्चिमेच्या राजधान्यांत पुष्कळ झाले. ड्रायस्डेल सोमालीलँडला, म्हणजे देश फुटल्यावर वेगळ्या झालेल्या त्या उत्तरेच्या मुलखात, जाऊन राहिले. मुसलमान झाले, अब्बास इद्रिस नाव घेतलं. आणि सत्तरी पार केल्यावर त्यांनी काम काढलं ते शेतजमीन मोजायचं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं आणि भावाला फोन केला.

गबिले हा सोमालीलँडची राजधानी हर्गेसाच्या पश्चिमेचा, इथिओपियाच्या हद्दीकडे जाणारा भाग. सोमाली मुलुखात बहुतेक सगळीकडे उंट आणि शेळ्या-मेंढ्या. पण ह्या पट्ट्यात शेती होते, ज्वारी आणि मका. (ज्वारी हे पीक मुळात आफ्रिकेच्या त्याच बाजूचं. आपल्या माणदेशातली भाकरी तिकडून आलेली आहे.) यादवीत लोक पळाले, परत आले आणि बांधावरून तंटे सुरू झाले. बंदुका घरोघर होत्याच. ड्रायस्डेलनी तिथे मोजणीची संस्था काढली. आधी शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी हद्द कबूल करायची, गावच्या जाणत्यांसमोर. मग मोजणी, मग नकाशा, मग मालकाच्या हातात कागद.

ह्या क्रमात किती शहाणपण आहे ते मोजणीवाल्याला विचारा. खटाव तालुक्यातली एक मोजणी मला आयुष्यभर पुरली आहे. दोन चुलत घरं, मधला बांध, अकरा वर्षांचा दावा. टिपण माझ्या हातात, यंत्र बरोबर लावलेलं. माझ्या हिशेबानं हद्द वहिवाटीच्या दोन फूट आत येत होती. मी खूण केली, तिथे मजूर दगड पुरू लागला आणि धाकट्या घरातला पोरगा कुऱ्हाड घेऊन आला. यंत्राला कोण विचारतो? मग लगतच्या चार खातेदारांतली एक म्हातारी, नोटीस मिळाली म्हणून आलेली, पुढे झाली. तिनं दोन्ही घरांच्या कर्त्यांचे हात धरले आणि त्यांना बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत नेलं. वाटेत थांबून सांगत होती, इथं आंबा होता, इथं तुझ्या बापानं चर काढला, इथनं पाणी फिरलं म्हणून बांध सरकला. ती परत आली तेव्हा कुऱ्हाड खाली होती. दगड मी होता तिथेच पुरला, दोन फूट आतच. तो आजही तिथे आहे. कागद बरोबर होता, पण आधी ते चालणं व्हावं लागलं.

सरहद्दींवर ग्रंथ लिहिणारा माणूस शेवटी बांधावर आला, ह्यात काहींना उतरण दिसेल. मला तर तीच त्यांची सर्वात मोठी कामगिरी वाटते.

उलटं उदाहरण आपल्याच मातीत आहे. १८२७ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं पाहणी सुरू केली. तो माल्थसचा विद्यार्थी. जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावर सारा ठरवायचा, असा सिद्धान्त तो विलायतेहून घेऊन आलेला. हिशेब कागदावर सुंदर होता. सारा झेपेना, लोक जमिनी टाकून निघून गेले. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट इंदापुरात नव्यानं सुरुवात करून शेतावर गेले, जमिनीची जात बघितली, आणि त्यांची पद्धत टिकली. तेही परके होते, तेही सरकारसाठी सारा वसूल करायलाच आले होते, त्यांना मी डोक्यावर घेत नाही. पण परकेपणातही फरक असतो, एवढं त्यातून दिसतं.

परक्यांनी केलेल्या अशा अभ्यासावर सोमाली लोकांचाच एक आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. २०१५ मध्ये सोमालीलँडच्या नावानं आफ्रिकेच्या अभ्यासाचं एक नवं नियतकालिक निघालं, त्याच्या संपादक मंडळात एकही सोमाली नव्हता. सफिया ऐदीद ह्या सोमाली संशोधक तरुणीनं त्यावर जाहीर प्रश्न उभा केला. ‘अदान’ म्हणजे गोरा; ‘गोऱ्यांचा अभ्यास’ अशा नावानं ती चर्चा जगभर झाली. आमच्याबद्दल तुम्ही बोलणार, आम्ही फक्त माहिती पुरवणार, हे किती दिवस? योआन लुईस ह्या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञानं पन्नासच्या दशकात उंटवाल्यांबरोबर राहून १९६१ मध्ये ‘अ पास्टोरल डेमॉक्रसी’ लिहिलं, ते आजही वाचावं लागतं. पण त्यानंतर प्रत्येक घटनेला ‘कूळ’ हे एकच उत्तर देणारे तज्ज्ञ निघाले, हेही खरं. महाराष्ट्राचं राजकारण कोणी फक्त जातींच्या तक्त्यावरून समजावून सांगायला लागला तर आपल्याला जसं वाटेल, तसंच त्यांना वाटतं. ड्रायस्डेलही ह्या आक्षेपातून सुटत नाहीत. फक्त त्यांच्या बाजूनं एवढं म्हणता येतं की गबिलेत हद्द ते ठरवत नव्हते. शेजारी ठरवत होते, ते मोजत होते.

आता आपल्याबद्दल. मार्च २०२४ मध्ये नौदलानं ‘रुएन’ जहाज सोडवलं आणि ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. २०११ मध्ये पकडलेले शंभराहून अधिक मुंबईतच खटल्याला उभे राहिले होते. ओलीस धरलेल्या जहाजांवर कोकणातल्या घरांची पोरं असतात. पुण्यात सोमाली विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकून गेले, कोंढव्यात, कॅम्पात राहिले. म्हणजे ते लोक आपल्या दारात आलेले आहेत. आपण त्यांना काय विचारलं? घरभाडं वेळेवर देणार का, एवढंच.

तरीही सोमालियाविषयी आपण जे छापतो ते लंडन-न्यूयॉर्कहून आलेल्या मजकुराचं भाषांतर. सैन्यात, नौदलात, व्यापारी जहाजांवर राहून आलेली शेकडो मराठी माणसं गावोगाव आहेत, माझ्या भावासारखी अंगणात बसलेली. त्यांचं कोणी लिहून घेतलेलं नाही. पुणे आणि मुंबई विद्यापीठांनी सोमाली भाषेचा एक छोटा वर्ग सुरू करावा. १९७२ पासून ती रोमन लिपीत लिहितात, शिकायला अवघड नाही, आणि शिकवायला सोमाली माणूस शोधायला फार लांब जावं लागणार नाही. वृत्तपत्रांनी दोन तरुण वार्ताहर हर्गेसा आणि मोगादिशूला आठवड्यासाठी नव्हे, वर्षासाठी पाठवावेत. खर्च आहे, मला कळतं. पण समुद्र आपला आहे, पोरं आपली आहेत.

ड्रायस्डेल २०१६ मध्ये वारले. नव्वदी ओलांडली होती. आता कोणी सोमालियावर ठासून बोलायला लागला की माझा भाऊ आवाज बंद करण्याआधी पडद्याकडे बघून एक प्रश्न विचारतो. वाचकांनीही तो विचारावा: तुम्हाला सोमाली येतं का, आणि तिथल्या कोणाच्या बांधावरून चालला आहात?